'शार्लट्स वेब'चा दुसरा भाग का फसला?

'शार्लट्स वेब २: विल्बर्स ग्रेट अ‍ॅडव्हेंचर' हा अ‍ॅनिमेशनपट मार्च २००३ मध्ये अमेरिकेत आला तो थिएटर वगळून, थेट कॅसेट आणि डीव्हीडीवर. त्यातली चित्रं सुमार आहेतच, पण खरं दुखणं कथेत आहे. ते कळायला मूळ पुस्तकापासून सुरुवात करावी लागते.

'शार्लट्स वेब' हे मुलांचं पुस्तक लिहिणारे ई. बी. व्हाइट यांचं अमेरिकेच्या मेन राज्यात नॉर्थ ब्रुकलिनला शेत होतं. तिथलं त्यांचं एक डुक्कर आजारी पडून मेलं. कापण्यासाठीच पाळलेल्या त्या जनावराला वाचवण्याची त्यांनी केलेली धडपड १९४८ च्या 'डेथ ऑफ अ पिग' या लेखात आली आहे. पुढे गोठ्यातल्या एका कोळ्यावर त्यांची नजर खिळली. त्या मादीने अंड्यांची पिशवी विणल्यावर त्यांनी ती दाढीच्या पात्याने अलगद कापली, खाऊच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि न्यूयॉर्कला नेऊन खोलीतल्या कपाटावर ठेवून दिली. काही आठवड्यांनी झाकणाच्या भोकांतून पिल्लं बाहेर आली आणि कंगवा, आरसा, नखांची कात्री यांच्यामध्ये त्यांनी धागे ताणले. १९५२ मध्ये निघालेलं पुस्तक अशा निरीक्षणावर उभं आहे.

म्हणूनच त्यातली शार्लट, जाळ्यात कौतुकाचे शब्द विणून विल्बर या डुकराला कापलं जाण्यापासून वाचवणारी मादी, कोळ्यासारखीच वागते. ती माश्यांचं रक्त पिते आणि ते लपवत नाही. जाळ्यातलं एकेक अक्षर विणताना धागा कुठे चिकटवायचा, कुठे सोडायचा हे ती स्वतःशी बोलत ठरवते. विल्बरला वाचवणाऱ्या शब्दांतला एक तर जाहिरातीतला: टेम्पलटन उंदीर कागदाचे तुकडे आणतो, त्यातले काही शार्लट नाकारते आणि साबणाच्या चुऱ्याच्या खोक्यावरचा 'रेडियंट' (तेजस्वी) उचलते. शेवटी ५१४ अंडी घालून ती जत्रेच्या मैदानात मरते, तेव्हा तिच्याजवळ कोणीही नसतं. बालसाहित्यात इतकं स्वच्छ लिहिलेलं मरण क्वचितच सापडतं.

हॅना-बार्बेरा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने १९७३ मध्ये यावर चित्रपट केला. शार्लटला डेबी रेनॉल्ड्स यांचा आवाज आणि शर्मन बंधूंची गाणी. व्हाइटना तो मुळीच आवडला नाही. दर थोड्या वेळाने कोणीतरी आनंदी गाणं म्हणायला लागतं आणि गोष्ट तुटते, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्तच होती, तरी त्या चित्रपटाने एक मोठी गोष्ट पाळली: शार्लटचं मरण गाळलं नाही. व्हाइट १९८५ मध्ये वारले.

पुढचं वळण बाजाराचं. १९९४ मध्ये हाच जुना चित्रपट कॅसेटवर अनपेक्षितपणे जोरात खपला. त्याच वर्षी डिस्नेने 'अलादिन'चा पुढचा भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' थेट कॅसेटवर आणला, तोही टीव्ही विभागाकडून करून घेतलेला, आणि तो तुफान चालला. युनिव्हर्सलनेही त्याच वर्षी 'द लँड बिफोर टाइम' या डायनोसॉरच्या अ‍ॅनिमेशनपटाच्या पुढच्या भागांची रांग सुरू केली. हिशेब सरळ होता. थिएटरच्या प्रिंट नाहीत, प्रदर्शनाच्या जाहिरातींचा मोठा खर्च नाही आणि नाव आईवडिलांना आधीच माहीत. 'शार्लट्स वेब २' याच वाटेने आला. तो केला युनिव्हर्सलच्या अ‍ॅनिमेशन विभागाने, अमेरिकेत विकला पॅरामाउंटने.

या पद्धतीत काटकसर सगळ्यात आधी कुठे होते? चित्रांच्या संख्येत. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ८० मिनिटांना १,१५,२०० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर एका पात्रासाठी ५७,६०० चित्रं पुरतात, चार फ्रेम धरलं तर २८,८००. त्यातही शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड हलवलं की काम आणखी घटतं. संवादात हे खपून जातं. पण वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना मधली चित्रं नसली की पात्र चालत नाही, सरकतं. आठ पायांच्या प्राण्याला तर ही कपात फारच महाग पडते.

पण भरपूर चित्रं काढली असती तरी कथा सावरली नसती. पुस्तकाने आपला पुढचा भाग शेवटच्या प्रकरणातच सांगून टाकला आहे. शार्लटची बहुतेक पिल्लं वाऱ्यावर निघून जातात, जॉय, अरानिया आणि नेली या तिघी गोठ्यात राहतात, मग त्यांची पिल्लं, मग त्यांचीही. विल्बरला जन्मल्यावर वाचवणारी मुलगी फर्न मोठी होते आणि गोठ्याकडे तिचं येणं कमी होतं. दुसऱ्या भागाला नवं सांगण्यासारखं उरलंच नव्हतं. म्हणून कार्डिगन नावाचं एकाकी काळं कोकरू आणलं, त्याला दुसऱ्या शेतावर पाठवलं आणि विल्बरला त्याच्या भेटीसाठी प्रवासाला काढलं. वाटेत कोल्हा ठेवला.

इथे घोळ झाला. मूळ कथेत धोका घरातलाच आहे. ज्या माणसाच्या हातून विल्बरला रोज खाणं मिळतं, त्याच्याच हातून तो कापला जाणार असतो. कोल्हा हा बाहेरचा खलनायक, तो पळाला की संकट संपलं. तिघी मुलींनाही आईच्या तोडीचं काम मिळत नाही, त्या बडबड्या सोबतिणी होऊन राहतात. आणि विल्बर ज्याच्यासाठी धडपडतो ते कोकरू आपल्याला नुकतंच भेटलेलं असतं. शार्लटशी त्याची मैत्री मात्र पुस्तकभर, एकेका शब्दागणिक घट्ट झालेली होती.

२००६ मध्ये पॅरामाउंटने खऱ्या नटांना घेऊन मूळ पुस्तकावरच नवा चित्रपट काढला. त्यात फर्न डकोटा फॅनिंग आहे आणि शार्लटला ज्युलिया रॉबर्ट्स यांचा आवाज. मुलांना दाखवायचं असेल तर १९७३ किंवा २००६ चा घ्यावा. त्यानंतर मुलांनी 'पुढे काय झालं?' असं विचारलंच, तर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवावं. ते एका बैठकीत होतं.