द्राक्षातला अंश आणि यादीबाहेरचं औषध

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात निर्यातीचा हंगाम आला की दराच्या आधी प्रश्न असतो, "रिपोर्ट आला का?" सॅम्पल प्रयोगशाळेत गेलेलं असतं आणि कागद हातात येईपर्यंत माल वेलीवरच. गोडी जिभेला कळते, मण्याची फुगवण डोळ्याला दिसते. फवारलेल्या औषधाचा मालात उरलेला अंश यातल्या कशालाच सापडत नाही.

तो शोधायची सुरुवात रंगाने झाली. 1945 मध्ये शेक्टर आणि हॅलर यांनी डीडीटी या कीटकनाशकाची कसोटी काढली: नमुन्यात डीडीटी असेल तर द्रावण निळं व्हायचं. पण एका कसोटीला एकच औषध. 1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन यांच्या गॅस क्रोमॅटोग्राफीने मिश्रणाची वाफ करून त्यातले घटक सुटे होऊ लागले. पुढे 1957 च्या सुमारास जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला. क्लोरीन असलेले रेणू इलेक्ट्रॉन चटकन पकडतात, एवढ्या गुणावर डीडीटीचा कणभर मागही लागू लागला.

आपल्याकडे कायदा आला तो मात्र दुर्घटनेतून. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेलं धान्य-पीठ खाऊन 100 हून अधिक माणसं दगावली. ती उघड विषबाधा होती, अंशाचा मामला नव्हे. पण 1968 च्या कीटकनाशक कायद्याची मुळं तिथेच आहेत.

द्राक्षाला हा विषय चिकटला 2003 मध्ये. युरोपात आपल्या मालाबद्दल तक्रारी झाल्या आणि अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, अंश तपासणीची व्यवस्था उभारली. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यातली संदर्भ प्रयोगशाळा. योगायोगाने त्याच वर्षी नमुन्यातून औषधाचा अंश वेगळा काढायची 'क्वेचर्स' पद्धत प्रसिद्ध झाली. 10 ग्रॅम लगदा, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक आणि क्षार, जोरात हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वरचा थर मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, दिला की शेकडो औषधं एका फेरीत तपासता येतात. किलोला 0.01 मिलिग्रॅम म्हणजे 10 टनी 100 ट्रक द्राक्षांत मिळून 10 ग्रॅम, तेवढंही दिसतं.

एवढं सगळं हाताशी असून 2010 मध्ये घात झाला. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांचं 'सीसीसी'. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून मारायचं; कीड-रोगाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ते 'विषारी औषध' आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. इथे पास झालेला माल तिकडच्या प्रयोगशाळांनी अडवला, कारण आपल्या तपासणी यादीत सीसीसी नव्हतंच. आणि नुसतं यादीत नाव घालून भागलंही नसतं. सीसीसीच्या रेणूवर विद्युतभार असतो. क्वेचर्समध्ये ते वरच्या थरात येत नाही, पाण्यात मागे राहतं. गॅस क्रोमॅटोग्राफीला हवी तशी त्याची वाफ होत नाही. त्याला मिथेनॉल-पाण्याने वेगळं काढावं लागतं.

त्या वर्षी पैसे अडकलेल्यांनी प्रयोगशाळांना भरपूर शिव्या घातल्या. माझ्या मते चूक यंत्राची नव्हती. बागेत नेमकं काय-काय मारलं जातं हे यादी करणाऱ्यांनी बांधावर येऊन विचारायला हवं होतं, आणि आपणही फवारणीच्या वहीत 'टॉनिक' एवढंच लिहून मोकळे होत होतो. पुढे सीसीसी यादीत आलं. त्याची चाचणी आजही बाकीच्यांपासून वेगळीच लावावी लागते.