आभाळ भरलेलं असतानाही ऊन बाधतं : अँटिबायोटिक चालू असलेल्या मुलांसाठी

मराठीत ‘ऊन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ऊन ऊन वरणभातातलं ऊन म्हणजे गरम, आणि अंगणात आलेलं ऊन म्हणजे उजेड. एरवी या दोहोंची सरमिसळ झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही. घरातल्या मुलाला डॉक्सिसायक्लिनच्या, म्हणजे त्वचेला उजेडात हळवी करणाऱ्या एका अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर मात्र ती नडते. ‘आभाळ भरलंय, कुठे ऊन आहे?’ म्हणून त्याला खाली खेळायला सोडलं जातं, आणि संध्याकाळी ते नाक, कानांच्या पाळ्या आणि हातांची वरची बाजू भाजल्यासारखी घेऊन वर येतं.

ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यातच हे जास्त ध्यानात ठेवावं लागतं. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. लेप्टो किंवा स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) झालाच, तर उपचारातही तेच औषध येतं. (८ वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधासाठी सहसा त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन देतात. स्क्रब टायफससारख्या आजारात मात्र त्याहून लहान मुलांनाही डॉक्सिसायक्लिन दिलं जातं, आणि त्यात डॉक्टरांचं काही चुकत नाही.) आता सूर्याकडे पाहू. ठाणं साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. मेमधल्या शून्य सावलीच्या दिवशी मुलं गच्चीवर बाटली उभी करून बघतात. जुलैतला दिवस ढगांत हरवतो, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. ढगांच्या वर सूर्य मेइतकाच उंच असतो. पातळ ढगांतून तर ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोचू शकतात, आणि दोन सरींच्या मध्ये उघडीप झाली की उरलेला आडपडदाही जातो. हवा गार असते, अंगाला चटका बसत नाही, मूल दोन तास मैदानावर राहतं.

चटका बसत नाही, कारण त्रास देणारे किरण उष्णतेचे नसतात. सूर्याच्या अतिनील किरणांतले दोन प्रकार जमिनीपर्यंत येतात. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात अडकतात. उन्हात नेहमी त्वचा जळते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. यूव्हीए, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे, जास्त खोल जातात. रक्तातून त्वचेत पोचलेला डॉक्सिसायक्लिनचा रेणू हे यूव्हीए किरण शोषून घेतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा चिडलेला ऑक्सिजन आसपासच्या पेशींची आवरणं जाळत सुटतो. इथे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा काही संबंध येत नाही, म्हणून याला ॲलर्जी म्हणणं चूक. पहिल्याच गोळीनंतरही हे होऊ शकतं. औषध किती आणि किरण किती, एवढाच हिशोब. उन्हाने खरी ॲलर्जी उठवणारी औषधंही आहेत, पण ती प्रतिक्रिया एक ते तीन दिवसांनी येते, खाजते आणि कपड्यांखालीही पसरू शकते.

औषध आणि उजेड या दोघांचा मिळून होणारा घात शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट पाहिला तो म्युनिकमध्ये. ऑस्कर राब या विद्यार्थ्याने ॲक्रिडीन नावाचा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर घालून पाहिला. तेवढ्याच मात्रेत अंधारात ते जगत होते आणि उजेडात मरत होते. हे १९०० साली छापून आलं. आपल्याकडे मात्र बावचीचं बी आणि कोवळं ऊन यांची सांगड कोडावर घालायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. बावचीतलं सोरॅलेन हे रसायन हेच काम करतं, तिथे ते मुद्दाम करवून घेतलं जातं इतकंच.

आता औषधांची नावं. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात असलेलं मूळ औषध वाचा. शेवटी ‘सायक्लिन’ असेल (डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन, मिनोसायक्लिनचा त्रास तुलनेने कमी) तर सावध. ‘फ्लॉक्सासिन’ असेल (सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन) तरीही सावध. या दुसऱ्या गटाकडे पालकांचं हमखास दुर्लक्ष होतं, कारण ते जुलाबाच्या सिरपमध्ये ऑर्निडॅझोलच्या जोडीने येतं आणि घरात त्याला नुसतं ‘पोटाचं औषध’ म्हणतात. सल्फामेथॉक्साझोल असलेलं को-ट्रायमॉक्साझोल हे तिसरं. डोक्यातल्या गजकर्णावरचं ग्रिसिओफल्विन अँटिबायोटिक नाही, बुरशीवरचं औषध आहे, पण तेही याच रांगेत बसतं आणि आठवडेच्या आठवडे चालतं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या आठवी-दहावीच्या मुलांचंही तसंच. त्यांना आपण ‘अँटिबायोटिक घेतोय’ हे बऱ्याचदा ठाऊकही नसतं.

अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, ॲझिथ्रोमायसिन ही मुलांना सर्वांत जास्त दिली जाणारी औषधं सहसा हा त्रास देत नाहीत. पण सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिन एकाच गोळीत असतात, तेव्हा दुसरं नाव नजरेतून सुटतं. ‘मॉक्स’ या अक्षरांवर तर मुळीच विसंबू नका : अमॉक्सिसिलिनमध्ये ती आहेत आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनमध्येही.

दिवसाच्या वेळेबद्दल आपल्याकडे एक बारीक चूक होते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि ठाणं ७३ अंशांच्या जवळ. त्यामुळे इथली खरी दुपार १२ वाजता होत नाही. मे महिन्यात ती साधारण १२.३५ला होते, फेब्रुवारीत १२.५०च्या आसपास. म्हणजे १ वाजता शाळा सुटते तेव्हा ऊन उतरलेलं नसतं, ऐन माथ्यावर असतं. घड्याळापेक्षा सावली खरी. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ती बाहेर खेळायची वेळ नव्हे. एरवी एवढा नियम पुरतो; औषध चालू असताना आणखी तासभर मागेपुढे सोडावा, कारण यूव्हीए किरण सकाळ-संध्याकाळ यूव्हीबीइतके झपाट्याने कमी होत नाहीत. क्रिकेटचा सराव सकाळी ७ला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवला तर कोर्सचे पाच-सात दिवस निभावतात.

काचेचाही असाच गैरसमज आहे. खिडकीची साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए बहुतेक आत सोडते. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीएसुद्धा जवळजवळ पूर्ण अडवते. बाजूच्या काचा तशा नसतात. घोडबंदर रोडवर शाळेची बस ४० मिनिटं रखडते तेव्हा खिडकीशी बसलेल्या मुलाचा एकच गाल आणि एकच हात भाजतो. असा एका बाजूचा डाग दिसला की आधी बसमधली जागा विचारावी. रिक्षाने जात असेल तर मधली सीट. ठाणे–वाशी लोकलला तर उघड्या खिडक्या. ऐरोलीनंतर गाडी दक्षिणेकडे धावते, तेव्हा सकाळी वाशीकडे जाताना ऊन डाव्या हाताला येतं. उजवीकडे बसवा. पश्चिमेच्या बाल्कनीलगत अभ्यासाचं टेबल असेल तर ते तेवढे दिवस सरकवा, किंवा जाड पडदा ओढा.

पोहणं शक्य तर थांबवावंच. पाण्यात शिरलं की आपण झाकले गेलो असं वाटतं, पण अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या ४० टक्के अतिनील किरण पोचतात.

उपायांत पहिली सावली, मग कपडे, आणि सनस्क्रीन सर्वांत शेवटी. दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो. कपड्याची परीक्षा सोपी आहे : शर्ट ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार दिसला तर किरणही आरपार जाणार. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती युनिफॉर्म या परीक्षेत नापास होतो, आणि घामाने किंवा पावसाने भिजला की आणखी वाईट. गडद रंगाचं, घट्ट विणीचं, पूर्ण बाह्यांचं कापड हवं. क्रिकेटची टोपी फसवी असते; कपाळ झाकते, कान आणि मान उघडी टाकते. चारही बाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर काठ असलेली हॅट हवी. मुलं ती घालायला लाजतात हे खरं, त्यावर आमच्याकडेही औषध नाही. सँडलमधून उघडी राहणारी पावलं शेवटपर्यंत कुणाला आठवत नाहीत, मोजे घाला.

सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. आपलं भांडण यूव्हीएशी आहे, म्हणून ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं मोजा : चार असतील तर उत्तम, तीनपेक्षा कमी नकोत. एसपीएफ ३० किंवा वर, आणि घटकांत झिंक ऑक्साइड असलं तर मुलांच्या त्वचेला बरं. पण खरी गफलत मात्रेत होते. छापलेला आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. १० वर्षांच्या, ३० किलोच्या आसपासच्या मुलाचा चेहरा आणि मान यांना सव्वा ग्रॅमच्या आसपास, कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांना अडीच ग्रॅम, आणि हाफ पँट असेल तर गुडघ्याखालच्या पायांना आणखी अडीच ग्रॅम लागतं. सगळं मिळून सहा ग्रॅमच्या वर. घरातला चहाचा चमचा काठोकाठ भरून वर थोडं. बाहेर पडण्याच्या २० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला की लगेच. या हिशोबाने ५० ग्रॅमची ट्यूब आठ वेळा पुरते. ती घरात सहा महिने टिकली असेल, तर त्वचेवर छापलेल्या आकड्याचं संरक्षण कधी नव्हतंच. कान, कानामागची मान, नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ या जागा हमखास सुटतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको. त्याला सावलीतच ठेवा.

गोळी रात्री दिली तर दिवसा त्रास कमी होईल का, असं पालक विचारतात. औषधावर अवलंबून आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन काही तासांत अर्ध्यावर येतं, पण ते बहुधा दिवसातून दोनदा द्यायचं असतं, त्यामुळे सकाळचा डोस चुकत नाही. डॉक्सिसायक्लिन अर्ध्यावर यायलाच १८ तासांच्या आसपास घेतं, म्हणून वेळ बदलून फारसं साधत नाही. उलट झोपताना घोटभर पाण्याने घेतलेली ही गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. ती जेवणाबरोबर, पेलाभर पाण्याने द्यावी आणि पुढे निदान अर्धा तास मुलाला आडवं होऊ देऊ नये.

त्रास सुरू झाला हे ओळखायचं कसं? पाश्चात्त्य पुस्तकांतली चित्रं लालबुंद गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या सावळ्या मुलांत लाली फारशी दिसत नाही. मूल आधी सांगतं ते झोंबल्याचं, टोचल्याचं, नाहीतर नुसतं ‘हात गरम वाटतात’. काही तासांत त्या जागा तापतात, सुजतात आणि मग काळवंडतात. हा काळपटपणा काही आठवडे, कधी महिनेही राहतो. घामोळं किंवा ‘उष्णता झाली’ म्हणून ते सोडून दिलं जातं. घामोळं झाकलेल्या, घामट जागी उठतं. हे नेमकं उलट : उघड्या जागी दिसतं आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली, हनुवटीखाली, कानामागच्या खोबणीत त्वचा साफ असते. बाहीच्या रेषेवर डाग कापल्यासारखा थांबतो. पोटा-पाठीवर पुरळ असेल तर ते असं भाजल्याचं नाही, औषधाच्या ॲलर्जीचं असू शकतं. त्या वेळी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि ओठ-डोळे सुजले, श्वास लागला किंवा तोंडात फोड आले तर थेट दवाखाना गाठा.

भाजल्यासारखं झालं असेल तर मुलाला आधी सावलीत आणा. नळाच्या थंड पाण्यात पिळलेलं सुती फडकं १० ते १५ मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नका. वर साधं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन चालेल. फोड फोडू नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिलिलिटर. बाटलीवरचा आकडा वाचून मगच मोजा, कारण निम्म्या ताकदीचं सिरपही मिळतं. ॲस्पिरिन मुलांना नाही. पावसाळ्यात ताप असेल तर डेंगीच्या शक्यतेमुळे आयबुप्रोफेनही मनाने नको. आणि ‘डाग जाईल’ म्हणून लिंबू तर चोळूच नका. लिंबाच्या सालीत आणि रसात बावचीच्याच कुळातली रसायनं असतात. ती लावून मूल पुन्हा उन्हात गेलं की डागावर डाग.

एवढं झालं तरी अँटिबायोटिक मनाने बंद करायचं नाही. लेप्टो किंवा टायफॉइड अर्धवट सोडणं हे भाजलेल्या नाकापेक्षा कितीतरी महाग आहे. डाग असलेल्या जागेचा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. ते औषध बदलतील किंवा तेच चालू ठेवून सावली वाढवायला सांगतील. शेवटची गोळी घेतली म्हणून त्याच दिवशी मैदान मोकळं होत नाही. डॉक्सिसायक्लिन शरीरातून जवळजवळ पूर्ण जायला चार दिवस लागतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर पाच-सहा दिवस काळजी चालू ठेवावी.

कधीकधी कोर्स संपून दोन-तीन आठवडे झाल्यावर मूल नखं दुखतात म्हणतं आणि नख पुढच्या टोकाकडून मांसापासून सुटलेलं दिसतं. तोही याच गोळीचा आणि उजेडाचा मिळून झालेला परिणाम असू शकतो. तेव्हा ते रिकामं पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं असतं आणि बुरशीवरची मलमं सुरू होतात. नखं दाखवायला गेलात तर महिन्याभरापूर्वी घेतलेल्या गोळीचं नावही सांगा.