मायक्रोकंट्रोलरमध्ये हाय-स्पीड यूएसबी यायला इतका उशीर का झाला: पार्श्वभूमी

समजा मालवणच्या जेटीवरून दोन हायड्रोफोन (पाण्याखालचे माइक) पाण्यात सोडलेत आणि डॉल्फिनच्या क्लिक पकडायच्यात. या क्लिक १०० किलोहर्ट्झच्या वर जातात म्हणून सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाज मोजायचा वेग, ३८४ किलोहर्ट्झ ठेवलं, १६ बिट, दोन चॅनल. हिशोब केला तर सेकंदाला १५३६ किलोबाइट होतात. फुल-स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटच्या यूएसबीत बल्क ट्रान्सफरला (ढीगभर डेटा नेण्याच्या पद्धतीला) एका मिलिसेकंदात ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पॅकेट बसतात, म्हणजे कागदावर सेकंदाला १२१६ किलोबाइट आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. मग प्रोसेसर कितीही तगडा घ्या, डेटा लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही. खाडीवर किंवा बंदरावर काही मोजायला निघालेली कॉलेजची पोरं इथेच अडकतात आणि विचारतात, ४८० मेगाबिट तर २००० सालापासून आहे ना, मग आपल्या मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधल्या छोट्या संगणकाच्या) बोर्डावर १२ च का?

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. १९९६ ला दीड आणि १२ मेगाबिट आले, एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं आणि त्यात ४८० चा हाय-स्पीड जोडला गेला, पण जुने दोन्ही स्पीड त्याच कागदात ठेवले. त्यामुळे १२ मेगाबिटची चिपसुद्धा नियमाला धरून स्वतःला यूएसबी २.० म्हणवते. डेटाशीटच्या पहिल्या पानावर २.० दिसलं म्हणजे ४८० मिळणार असं नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे पोरांचे पैसे फुकट गेलेत.

खरं तर २००१ च्या सुमारासच ईझी-यूएसबी एफएक्स२ नावाची चिप आली होती. आत साधा ८०५१ कोअर (छोटा जुना प्रोसेसर), पण हाय-स्पीड यूएसबी पूर्णपणे आत. तिची खुबी अशी की डेटा ८०५१ मधून जायचाच नाही, बाहेरच्या पिनांवरून थेट फिफोत (डेटा रांगेत ठेवणाऱ्या मेमरीत) आणि तिथून केबलवर. आज जे स्वस्तातले आठ चॅनल, २४ मेगाहर्ट्झवाले लॉजिक ॲनालायझर (डिजिटल सिग्नल बघायची उपकरणं) मिळतात त्यातले बरेच याच चिपवर चालतात. म्हणजे जमत होतं. पण ती ठरावीक कामाची चिप होती, तिच्यावर एडीसी (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग), टायमर घेऊन अख्खा प्रोजेक्ट उभा राहत नव्हता.

आता मुख्य मुद्दा. आर्म कॉर्टेक्स प्रोसेसरवाले मायक्रोकंट्रोलर जोरात आले तेव्हा बऱ्याच ठिकाणी असं ठरवलं गेलं की हाय-स्पीड यूएसबीचा डिजिटल भाग चिपमध्ये ठेवायचा पण फाय, म्हणजे केबलच्या तारा प्रत्यक्ष हलवणारा ॲनालॉग भाग, बाहेर ठेवायचा. एसटीएम३२एफ४०७ हे त्याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. यात ओटीजी_एचएस (एचएस म्हणजे हाय-स्पीड) नावाचं पोर्ट आहे, पण बाहेरून फाय लावला नाही तर ते १२ मेगाबिटलाच चालतं. त्याच मालिकेतल्या एफ४२९ च्या डिस्कव्हरी बोर्डावर तर यूएसबी सॉकेट याच पोर्टला जोडलंय, फाय नाही, त्यामुळे स्कीमॅटिकमध्ये एचएस आणि चालतंय फुल-स्पीड.

चिप बनवणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. फुल-स्पीड म्हणजे ३.३ व्होल्टचा सिग्नल, साध्या पिनसारखाच. हाय-स्पीडला सिग्नल ४०० मिलिव्होल्टचा, दोन्ही तारांवर ४५ ओहमचं टर्मिनेशन (टोकाचा रोध), ४८० मेगाबिट झेपेल असा स्वच्छ पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट), आणि क्लॉकची चूक ०.०५ टक्क्याच्या आत. फुल-स्पीडला ०.२५ टक्के चालते, म्हणून तिथे क्रिस्टल नसतानाही भागवता येतं. आतल्या फ्लॅशसाठी (प्रोग्राम साठवायच्या मेमरीसाठी) बनवलेल्या सिलिकॉनवर हे सगळं बसवायचं म्हणजे जागा जाते आणि चिप महाग होते, ती किंमत ज्याला यूएसबी नकोच आहे त्यानेही द्यायची. हे खरं आहे.

पण त्याचा भार पडला कोणावर? चिप आणि बाहेरचा फाय यांच्यातल्या यूएलपीआय नावाच्या जोडणीला १२ पिना लागतात, आठ डेटाच्या आणि चार कंट्रोलच्या, ६० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर. एफ४०७ मध्ये तिचं क्लॉक पीए५ या पिनवर येतं, आणि डीएसीचा (आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या भागाचा) दुसरा चॅनल पण त्याच पिनवर, म्हणजे तो गेला. जम्पर वायरने हे जोडायला जाऊ नका, ६० मेगाहर्ट्झला त्या लांबड्या तारांवर भरवसा ठेवता येत नाही. नीट बोर्ड करायचा तर ९० ओहमची डिफरन्शियल जोडी (यूएसबीच्या दोन जुळ्या तारा) सांभाळायची आणि वर यूएसबी३३०० सारखा फाय, ज्याला बाहेर पाय नाहीत, ३२ पॅड सगळे पोटाखाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्सल येईल हो, पण तो बसवायला चिपळूण-कुडाळात मोबाइल रिपेअरवाल्याकडचा हॉट एअरच शोधावा लागतो, आणि खाऱ्या हवेत कोटिंग न केलेल्या मॉड्यूलच्या पिना एका पावसाळ्यात हिरव्या पडतात. मोठ्या कारखान्याला फाय बाहेर असण्याने काही रुपयांचा फरक पडला, छोट्या माणसाला मात्र तो रस्ताच बंद झाला. मला हा निर्णय तेव्हाही टाळता आला असता असं वाटतं, कारण काहींनी तो टाळला.

२००९ च्या सुमाराला एसएएम३यू या चिपमध्ये कॉर्टेक्स-एम३ सोबत फाय आतच होता. त्याच घरातल्या एसएएम३एक्सवर २०१२ ला अर्दुइनो ड्यू हा बोर्ड आला, ज्याच्या नेटिव्ह पोर्टला ४८० मिळतं. एलपीसी४३०० मालिकेत एक पोर्ट आतल्या फायसकट होतं, आणि हॅकआरएफ वन या रेडिओने त्याच मालिकेच्या जोरावर सेकंदाला २ कोटी सॅम्पल, म्हणजे ४० मेगाबाइट, यूएसबीवरून नेऊन दाखवले. नंतर एसटीएम३२एफ७२३ मध्ये फाय आत आला, पण त्याच्या थोरल्या एच७४३ मध्ये परत बाहेरच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीन्सी ४.० हा छोटा बोर्ड आला, ६०० मेगाहर्ट्झ, ४८० मेगाबिट, ब्रेडबोर्डवर बसणारा, आणि इथून छंदवाल्यांचं चित्र बदललं. टीन्सीवरच्या चिपमध्ये फ्लॅश नसते, ती बाहेर असते, हेही लक्षात घ्या.

उलट २०२१ ला आलेला रास्पबेरी पायचा आरपी२०४० फुल-स्पीडच, आणि ऑगस्ट २०२४ चा आरपी२३५० पण फुल-स्पीडच. दोन कोअर, पीआयओ (पिनांचं काम प्रोग्राम करता येणारा भाग), सगळं सुधारलं, यूएसबी तिथेच. ईएसपी३२ कुटुंबातल्या एस३ ला १२, पी४ ला मात्र हाय-स्पीड आहे.

४८० मिळालं म्हणून लगेच वेग येत नाही, हेही आता कळायला लागलंय. लॉगरमधलं (डेटा नोंदवणाऱ्या यंत्रातलं) ४ जीबीचं कार्ड फुल-स्पीडवर सेकंदाला १ मेगाबाइटने रिकामं करायचं तर तासाच्या वर जातो, पावसात लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी तेवढी टिकेलच असं नाही. पण कार्ड एसपीआयवर (एका वेळी एकच बिट नेणाऱ्या जोडणीवर) २५ मेगाहर्ट्झने जोडलेलं असेल तर हाय-स्पीड लावूनही सेकंदाला ३ मेगाबाइटच्या पुढे जात नाही, त्यासाठी चार तारांचं एसडीआयओ लागतं. कॉर्टेक्स-एम७ वर डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग) आणि डेटा कॅश (प्रोसेसरजवळची तात्पुरती मेमरी) यांचं जमलं नाही तर जुनाच बफर परत परत जातो, ते वेगळंच. सध्या सगळ्यात आशेचं काय तर सीएच३२व्ही३०५ सारखी रिस्क-व्ही (खुल्या प्रोसेसर रचनेची) चिप, फाय आत, आणि ती २० पायांच्या टीएसएसओपी पॅकेजमध्येही येते. पाय बाहेर दिसतात, साध्या सोल्डरिंग आयर्नने घरी बसवता येते.