सिड बॅरेटचा चाहतावर्ग

पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक बँडचा एक संस्थापक, गिटारवादक व गीतकार सिड बॅरेट (६ जानेवारी १९४६ – ७ जुलै २००६) याच्याभोवती मुख्यतः १९७० नंतर जमलेला चाहतावर्ग. बॅरेटची ध्वनिमुद्रिका निघण्याची वर्षे १९६७ ते १९७० एवढीच. एप्रिल १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडल्याचे जाहीर झाले. १९७० मध्ये त्याचे दोन स्वतंत्र अल्बम निघाले. चाहते मात्र त्याने संगीत सोडल्यावर वाढत गेले.

त्याचे मूळ नाव रॉजर कीथ. ‘सिड’ हे टोपणनाव केंब्रिजमधील सिड बॅरेट नावाच्याच एका जुन्या जॅझ वादकावरून पडले, असे बहुतेक चरित्रकार मानतात. बालवीर पथकात तो कामगारी थाटाची चपटी टोपी घालून आला म्हणून मुलांनी हे नाव ठेवले, अशी दुसरी उपपत्ती आहे. पहिली अधिक संभाव्य दिसते. घरचे त्याला शेवटपर्यंत रॉजरच म्हणत.

चाहत्यांच्या कौतुकाचा खरा विषय त्याचे वादन. बोटांच्या चपळाईत तो समकालीनांच्या मागेच होता. गोल आरसे चिकटवलेल्या फेंडर एस्क्वायर गिटारच्या तारांवरून तो सिगारेटचा लायटर सरकवत नेई आणि तो आवाज बिन्सन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनी-यंत्रातून सोडी. या यंत्रात फितीऐवजी फिरती चुंबकीय तबकडी असते. तिच्याभोवतीच्या अनेक ध्वनिग्राहकांमुळे एकाच स्वराचे पडसाद वेगवेगळ्या अंतराने उमटतात. त्यामुळे सूर कुठे सुटला आणि पडसाद कुठे सुरू झाला, हे ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ (१९६७) ऐकताना पुष्कळदा उमगत नाही. गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवणारा एएमएम या मुक्त, उत्स्फूर्त वादन करणाऱ्या इंग्रज गटाचा कीथ रो याचा प्रभाव येथे सर्वसाधारणपणे मान्य आहे. तो किती, याबद्दल मतभेद आहेत. परंतु गाण्याच्या चौकटीत हा नाद बसवणे ही बॅरेटचीच करामत म्हणावी लागेल.

विक्षिप्तपणाच्या आख्यायिका जपून घ्याव्या लागतात. कार्यक्रमापूर्वी केसांत ब्रिलक्रीम आणि मँड्रॅक्स या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा चुरा थापला व दिव्यांच्या उष्णतेने तो चेहऱ्यावर ओघळला, ही कथा सर्वांत प्रसिद्ध. पण तिचे स्थळ-काळ कथनागणिक बदलतात आणि गोळ्यांचा भाग जवळच्या साऱ्यांना मान्य नाही. जून १९७५ मध्ये भुवया भादरलेला, ओळखू न येणारा बॅरेट अ‍ॅबी रोड स्टुडिओत अचानक उगवला, हे मात्र बँडच्या सदस्यांनीच सांगितले आहे.

१९७२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चाहत्यांनी मंडळ स्थापन करून ‘टेरापिन’ हे नियतकालिक चालवले. ते काही वर्षांतच बंद पडले. इंग्रज गायक डेव्हिड बोवीने १९७३ मध्ये बॅरेटचे ‘सी एमिली प्ले’ हे गाणे नव्याने गायले. लांबलचक वादनाचा तिटकारा असलेल्या पंक पिढीलाही बॅरेट जवळचा वाटला: द डॅम्ड या बँडला १९७७ मध्ये आपल्या दुसऱ्या अल्बमचा निर्माता म्हणून तो हवा होता, प्रत्यक्षात मिळाला पिंक फ्लॉइडचाच ड्रमवादक निक मेसन. अप्रकाशित मुद्रणांचा ‘ओपेल’ हा संग्रह १९८८ मध्ये निघाला.

बॅरेट स्वतः केंब्रिजला परतून चित्रे काढत व बाग करत राहिला. दारात येणारे चाहते त्याला नकोसे असत. मृत्यूनंतर नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच्या सायकली, चित्रे, पुस्तके व घरगुती फर्निचरचा केंब्रिजमध्ये लिलाव होऊन सुमारे १,२०,००० पौंड जमले.