मायलोमाचं निदान झाल्यावर पहिले आठवडे: झोपून राहायचं की चालायचं?

रिपोर्टवर 'मल्टिपल मायलोमा' (हाडाच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर) हे शब्द दिसले, की घरातला प्रत्येक जण एकच सांगतो, "आता काही करू नका, पडून राहा." सांगतात ते मायेपोटीच. आम्ही घरी येऊन फिजिओथेरपी देतो, आणि या आजाराची माणसं पाहून आमचं मत पक्कं झालं आहे की हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. काही हालचाली आजपासून बंद करायला हव्यात, पण उरलेल्या बंद केल्या तर महिन्याभरात मांड्या सुकतात आणि पलंगावरून उठायलाही माणूस लागतो. कुठली हालचाल कुठल्या बाजूला पडते, ते कळावं म्हणून हे पत्रक.

आधी थोडं हाडांबद्दल. हाडाच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. त्यांचं काम जंतूंशी लढणारी प्रथिनं तयार करणं. मायलोमात याच पेशी बेसुमार वाढतात. आपलं हाड एरवीही सतत थोडं झिजत आणि थोडं भरत असतं. मायलोमाच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि भरणाऱ्यांना थांबवतात, म्हणून एक्स-रेमध्ये हाड वाळवीनं पोखरल्यासारखं दिसतं. निदान होतं तेव्हाच सुमारे ८० टक्के पेशंटांच्या हाडांत असा बिघाड असतो. मणके, बरगड्या, कंबरेचं हाड, मांडीचा आणि दंडाचा वरचा भाग या त्याच्या ठरलेल्या जागा. हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात वाढलं की तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी येते. बहुतेकांचं हिमोग्लोबिनही उतरलेलं असतं.

त्यामुळे 'अशक्तपणा' हा एक शब्द पुरत नाही. जिना चढताना दम लागतो तो रक्त कमी असल्यानं, वळताना कळ येते ती मणक्यामुळे, आणि खुर्चीतून उठता येत नाही ते मांडीचे स्नायू गेल्यामुळे. पहिल्या दोन्हींवर तुमचे डॉक्टर इलाज करतात. तिसऱ्यावर आपण मिळून काम करू शकतो.

आमच्याकडच्या एक बाई सहा महिने कंबरदुखीला वयाचं दुखणं समजत होत्या. एका सकाळी मोरीतली भरलेली कळशी उचलताना कट्‌ असा आवाज आला आणि त्या तिथेच खाली बसल्या. मणका दबला होता. आम्ही गेलो तेव्हा तीन आठवडे त्या पलंगावरच होत्या. कळशी उचलायला नको होती हे खरंच. पण डॉक्टरांनी पट्टा लावून चालायची परवानगी दिल्यानंतरही घरच्यांनी भीतीनं त्यांना उठू दिलं नव्हतं, आणि त्या तीन आठवड्यांत गेलेली ताकद परत यायला कितीतरी जास्त दिवस लागले.

निदानाच्या वेळी शरीर काय काय करू शकतं, यावर उपचारही ठरतो. इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुपनं २०१५ मध्ये एक मोजपट्टी दिली. तीत वय आणि इतर आजार यांच्याबरोबर अंघोळ, कपडे, जेवण, उठणं-बसणं स्वतः जमतं का, आणि फोन, स्वयंपाक, औषधं, पैशांचा हिशोब सांभाळता येतो का, हे विचारतात. औषधाचा डोस किती पेलवेल, याचा अंदाज त्यातून येतो. म्हणून डॉक्टरांना खरं ते सांगा. "सगळं स्वतः करतात" असं मुलगा सांगतो, आणि आईला साडी सून नेसवते हे तपासणीच्या खोलीत कुणी बोलतच नाही. कमीपणा वाटून घेऊ नका. निदानाच्या वेळचा बराचसा दुबळेपणा आजारामुळेच आलेला असतो आणि उपचार लागू पडला की तो कमीही होतो. म्हणूनच सुरुवातीला मोजून ठेवायचं आणि पुढे पुन्हा मोजायचं.

आम्ही मोजतो ते साधंच असतं. चार मीटर चालायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे असं धरतो. मग हाताची पकड पाहतो. त्यानंतर खुर्चीची चाचणी: हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला १२ आणि पुरुषाला १४ वेळा जमलं नाही, तर मांड्यांवर काम करायला हवं. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी आणि एमआरआय, पेट-सीटी किंवा सीटीचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय यातलं काहीही आम्ही करवून घेत नाही, आणि तुम्हीही घरी करून पाहू नका. मांडीचं हाड आतून पोखरलेलं असेल तर उभं राहण्याआधी हाडांच्या डॉक्टरांचं मत लागतं.

पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो पलंगावरून उठायला शिकवण्यात. बहुतेक जण उताणे असताना मान उचलून, पोट आवळून सरळ उठतात. दबलेल्या मणक्यावर सगळा भार तेव्हाच येतो. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे दुमडा. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच, ओंडका लोळवावा तसे कुशीवर वळा. पाय पलंगाखाली सोडा, आणि ते खाली जात असतानाच कोपर आणि तळहातावर रेटा देत बसते व्हा. दंडाच्या हाडात दोष असेल तर त्या हातावर भार नको, दुसरी कूस घ्या. बसल्यावर लगेच उठू नका, वीस आकडे मोजा, चक्कर येत नाही ना पाहा. झोपतानाही हेच, उलट्या क्रमानं.

आता बंद करायच्या गोष्टी. नातवाकडून पाठ तुडवून घेणं, मालीश, हाडवैद्याकडे जाणं, न्हाव्याकडून मान मोडून घेणं हे सगळं आजपासून बंद. वाकून केर काढणं, वाकलेल्या पाठीनं कंबरेत पीळ देणं, सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन नको. सिलिंडर, पाण्याची बादली, नातवंडं उचलू नका. नातवाला पलंगावर चढून मांडीवर येऊ द्या, तेवढं चालतं. स्कूटरवर मागे बसणं टाळा, आणि एसटीनं जावंच लागलं तर मागच्या बाकांवर बसू नका, सगळे हादरे तिथेच बसतात. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून घेऊ नका. मायलोमात किडनीवर आधीच ताण असतो. दुखतं तर डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दुसरी औषधं आहेत.

करायचं काय? चालायचं. एकदम अर्धा तास नाही, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, सपाट जागेवर. चालताना बोलता आलं पाहिजे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. परवानगी मिळाली की खुर्चीतून उठ-बस, आधी हातांचा आधार घेऊन. जमिनीवर मांडी घालून जेवायची सवय असेल तर काही महिने टेबल-खुर्ची बरी, कारण त्रास बसण्यात नसतो, जमिनीवरून उठण्यात असतो.

औषधं सुरू झाली की वेळापत्रक बदलतं. डेक्सामेथासोनच्या दिवशी अंगात हुरूप येतो, रात्री झोप लागत नाही आणि त्यानंतर एक-दोन दिवस गळाल्यासारखं होतं. हुरुपाच्या दिवशी कपाट आवरायला काढू नका. हेच औषध बरेच दिवस घेतलं की मांड्यांचे स्नायू झिजवतं, म्हणून उठ-बस सोडायची नाही. बोर्टेझोमिबच्या इंजेक्शनांनी तळपायाला मुंग्या येऊ शकतात. पायातून चप्पल निसटली तरी कळत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. वेळेत कळलं तर ते डोस बदलू शकतात. लेनालिडोमाइड चालू असताना एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गाठ असू शकते.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचा. पायांतली ताकद अचानक कमी झाली, कंबरेखाली बधिर वाटू लागलं, लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. सकाळ होण्याची वाट पाहू नका. आम्हालाही बोलावू नका. आडवं झोपवून थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. पाय वाचणार की नाही, ते अशा वेळी तासांवर ठरतं.

आम्ही यायच्या दिवशी फाईल हाताशी ठेवा: स्कॅनचे रिपोर्ट, शेवटचं हिमोग्लोबिन, प्लेटलेट, कॅल्शियम, औषधांची चिठ्ठी. पट्टा दिला असेल तर तोही. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी आम्ही यायच्या तासभर आधी घेतलेली बरी, म्हणजे हालचाल नीट पाहता येते. घरात आवराआवर करू नका. संडासला जायची वाट, मोरीचा उंबरठा, रात्रीचा दिवा हे सगळं रोज असतं तसंच आम्हाला पाहायचं आहे. आणि पायात नेहमीच्याच चपला असू द्या.