कागद नसलेली जमीन बेवारस नसते

"ज्या जमिनीचा कागद नाही ती कुणाचीच नाही, म्हणजे विकासासाठी मोकळी." विकसनशील देशांबद्दल हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. नोंदवहीत नाव नाही, तर हक्क तरी कुठला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण नोंद हा हक्काचा पुरावा असतो. हक्क नोंदीच्या आधीपासून असू शकतो.

मोझांबिकमध्ये जमीन सरकारच्या मालकीची. तरीही १९९७ च्या कायद्यानुसार रूढीने जमीन कसणारा समाज, किंवा सद्भावनेने किमान १० वर्षं कसणारा नागरिक, यांचा वापराचा हक्क नोंदणीशिवायही टिकतो, आणि तो साक्षीदारांच्या जबाबाने सिद्ध करता येतो. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेतही रूढीगत जमीनधारणेला मान्यता आहे.

'पडीक' हा शब्द तर फारच घाईने वापरला जातो. फिरत्या शेतीत कस भरून यावा म्हणून रान काही वर्षं मोकळं सोडतात. पशुपालक एखाद्या कुरणात फक्त कोरड्या महिन्यांत उतरतात.

पडताळायचं असेल, तर एकाच जागेची वेगवेगळ्या ऋतूंतली, काही वर्षांची उपग्रहचित्रं शेजारी ठेवा. गुरांच्या वाटा, जुन्या शेतांच्या कडा दिसतात का पाहा. मग त्या देशाच्या कायद्यात रूढीगत हक्कांचं कलम शोधा. आणि चौकशी गावप्रमुखापाशी थांबवू नका. सरपण गोळा करणाऱ्या बायकांना आणि गुराख्यांनाही विचारा, कारण कागदावरून सगळ्यात आधी त्यांचेच हक्क गळतात.