पार्श्वभूमी : लीड्सच्या पोटदुखीपासून आजच्या एआयपर्यंत

पोट अचानक दुखू लागलेला रुग्ण समोर आहे. अपेंडिक्स असेल आणि उशीर झाला, तर ते फुटते. नसेल, तर पोट उघडले ते फुकट. थांबायचे की शस्त्रक्रिया करायची, हा सर्जनचा जुना पेच. निदानातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट याच पेचाभोवती सर्वात चांगली समजते.

तिची वैचारिक पायाभरणी १९५९ ची. रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकातल्या लेखात दाखवले, की डॉक्टरचा तर्क संभाव्यतेच्या गणितात मांडता येतो. उपचार निवडताना कशाची किती किंमत मोजायची, तेही त्यांनी त्यात धरले होते.

इंग्लंडमधल्या लीड्स येथे सर्जन टिम द दोंबाल यांनी ते गणित संगणकाकरवी थेट रुग्णांवर लावून पाहिले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र पोटदुखीचे ३०४ रुग्ण होते. संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर आले, तर चमूतल्या सर्वात ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची हकिगत. १९८६ मध्ये ही संगणकपद्धत वापरणाऱ्या ८ रुग्णालयांतल्या १६,७३७ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे फुटलेल्या अपेंडिक्सचे आणि निष्कारण शस्त्रक्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. या सुधारणेचे श्रेय एकट्या संगणकाचे नव्हते. त्याला माहिती पुरवण्यासाठी डॉक्टर ठरलेला तक्ता भरत होते: दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी आधी की नंतर. प्रत्येक रुग्णाला प्रत्येक प्रश्न विचारला जाऊ लागला. शिवाय आपले निदान बरोबर होते की चूक, हेही त्यांना कळत होते.

१९७० च्या दशकातच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ हा संगणक-प्रोग्रॅम तयार झाला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, हे तो शेकडो नियमांच्या आधारे सांगे. मेंदूज्वराच्या रुग्णांवरच्या तुलनेत त्याची शिफारस तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेत तो कधीच आला नाही.

मग नियम हाताने लिहिण्याऐवजी यंत्राने नोंदींतून शिकावे, हा विचार बळावला. इथला धोका १९९० च्या दशकातच दिसला होता. न्यूमोनियाच्या अमेरिकी नोंदींवरून यंत्र असे शिकले, की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी. नोंदी खऱ्याच होत्या. पण दम्याच्या रुग्णांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवून कसोशीने उपचार होत, म्हणून ते वाचत. त्या आकड्यावर विसंबून त्यांना घरी पाठवले असते, तर? ही कथा वाचून आजही अंगावर काटा येतो.

२०१२ नंतर प्रतिमा ओळखणाऱ्या बहुस्तरीय न्यूरल नेटवर्कनी (उदाहरणांतून शिकणाऱ्या, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या गणिती रचनांनी) वेग घेतला. २०१८ मध्ये मधुमेहामुळे दृष्टिपटलाला झालेली इजा डॉक्टरने छायाचित्र न पाहता ओळखणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने मंजुरी दिली. शल्यगृहातले रोबोट मात्र वेगळे. २००० मध्ये मान्यता मिळालेला ‘दा विंची’ सर्जनच्या हातांची हालचाल अचूक पोहोचवतो, निर्णय घेत नाही.

२०१८ मध्येच छातीच्या एक्स-रेंवर शिकलेल्या यंत्रांची तपासणी झाली. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हे यंत्राला जवळपास बिनचूक ओळखता येत होते. काही रुग्णालयांत न्यूमोनियाचे रुग्ण मुळातच जास्त होते, त्यामुळे तेवढी ओळखही उत्तराला पुरे. रुग्णालय बदलले, की त्याची अचूकता बहुतेकदा घसरे.